कळतं पण वळत नाही: लकव्याच्या उंदरांची परीक्षा

पक्षाघातावरच्या औषधांची पहिली परीक्षा उंदरांवर होते, एवढाच उल्लेख मागच्या अंकात होता. त्यावर आलेल्या पत्रांत सोलापूरची इतकी निघाली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलं. बरीचशी पत्रं फार्मसीच्या विद्यार्थ्यांची आहेत, पण सुरुवात वेगळ्या पत्राने करतो. एक खुलासा आधी: प्रयोगशाळेत 'रॅट' म्हणजे पाव किलोच्या आसपासचा मोठा पांढरा उंदीर आणि 'माऊस' म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमचा छोटा. खाली तेच शब्द ठेवले आहेत.

प्रश्न: मी यंत्रमागावर काम करतो. मोठ्या भावाला उजव्या अंगाचा लकवा मारला. आता हात हलतो, उचलतो, पण तुटलेलं सूत चिमटीत आलं की नाही हे त्याला बघितल्याशिवाय समजत नाही. उंदराला तर बोलताही येत नाही. मग त्याचं नेमकं काय बिघडलं हे कसं ओळखतात? (विडी घरकुल)

उत्तर: आपण एरवी 'कळतं पण वळत नाही' म्हणतो. तुमच्या भावाच्या हाताचं उलटं झालंय: वळतं पण कळत नाही. मेंदूत स्पर्श उमटण्याची जागा आणि स्नायूंना हुकूम सोडण्याची जागा एकमेकींना लागून आहेत, आणि हाताच्या वाट्याच्या या दोन्ही जागांना मुख्यतः एकाच धमनीतून रक्त मिळतं, ती मिडल सेरेब्रल आर्टरी. ती कुठे तुंबली त्यावर कोणाचं कळणं जातं, कोणाचं वळणं, आणि बऱ्याच जणांचं दोन्ही थोडं थोडं.

रॅटमध्ये हीच धमनी मुद्दाम बंद करतात. पूर्ण भूल देऊन मानेतल्या कॅरोटिड धमनीतून नायलॉनचा धागा, टोकाला सिलिकॉनचं बोंड केलेला, फाट्यापासून १८ ते २० मिलीमीटर आत, मेंदूतल्या त्या धमनीच्या तोंडापर्यंत सरकवायचा, ६० ते १२० मिनिटं ठेवायचा आणि मागे ओढायचा. लोंगा आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडलेली ही रीत आजही सर्रास चालते. उजवी धमनी बंद केली की डावा पंजा बिघडतो, माणसासारखंच.

आता त्याला विचारायचं कसं? रॅटला अंगाला काही चिकटलेलं खपत नाही. दोन्ही पुढच्या पायांच्या मनगटावर आतल्या बाजूने एकेक गोल कागदी चिकटपट्टी लावायची, त्याला पारदर्शक पेटीत सोडायचं आणि घड्याळ चालू करायचं. पट्टीला पहिल्यांदा तोंड लागलं तो क्षण लिहायचा. इथपर्यंतचा वेळ 'कळण्या'चा. पट्टी सुटून पडली तो दुसरा क्षण. मधला वेळ 'वळण्या'चा. तुमच्या भावासारखा रॅट डाव्या पट्टीकडे मिनिटभर ढुंकूनही पाहत नाही, पण एकदा लक्षात आलं की दातांनी चटकन ओढून काढतो. उलट प्रकारचा रॅट लगेच तोंड नेतो आणि मग पट्टीशी झटत बसतो.

दुसरी रीत मिशांची. रॅटला धडाशी अलगद धरून एका बाजूच्या मिशा टेबलाच्या कडेला लावल्या की निरोगी रॅट त्याच बाजूचा पंजा झटकन टेबलावर टेकवतो. दर बाजूला १० वेळा करायचं. लकव्याच्या बाजूचा पंजा नुसता लोंबतो. पण तो का लोंबतो? मिशांची बातमी पोचली नाही म्हणून, की हुकूम सुटला नाही म्हणून? त्यासाठी रॅटला कुशीवर धरतात, लकव्याची बाजू वर. खालचा चांगला पंजा बोटाने हलकेच आवरायचा आणि खालच्या चांगल्या मिशा टेबलाला लावायच्या. वरचा लकव्याचा पंजा पुढे आला तर हुकूम शाबूत आहे, बिघाड बातमीत आहे.

प्रश्न: चिकटपट्टीच्या चाचणीत माझे आकडे भलतेच विखुरलेले येतात. शस्त्रक्रियेच्या आधीच काही रॅट ५ सेकंदांत पट्टी काढतात, काही १२० सेकंद नुसते बसून राहतात. शस्त्रक्रियेनंतर एका रॅटचा हालचालीचा वेळ तर शून्य आला! पट्टी म्हणून टिकली वापरली तर चालेल का? (एम.फार्म.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर: शून्यापासून सुरू करू, कारण ही चूक तक्त्यात लपून बसते. तुम्ही स्पर्शाचा वेळ आणि काढण्याचा वेळ असे दोन रकाने केलेत, दोन्हींना १२० सेकंदांची मर्यादा घातलीत आणि वजाबाकीचं सूत्र खाली ओढलंत. ज्या रॅटला पट्टी कळलीच नाही त्याचा स्पर्श १२०, काढणं १२०, वजाबाकी शून्य. म्हणजे सर्वात वाईट रॅट तुमच्या तक्त्यात सर्वात चपळ ठरला. ज्याचा स्पर्शच झाला नाही त्याचा हालचालीचा रकाना रिकामा ठेवा. आणि १२० हा आकडा 'इतक्या वेळात झालं नाही' असं सांगतो, त्यामुळे सरासरी काढू नका. मध्यक घ्या, किंवा रुग्ण किती दिवस जगले हे मोजताना वापरतात तसं विश्लेषण करा.

आता बसून राहणाऱ्यांचं. पेटी नवी, माणूस नवा, मनगटावर काहीतरी नवं. रॅट घाबरला की गोठतो. शस्त्रक्रियेआधी ३ ते ५ दिवस रोज एक-दोन खेपा द्या. प्रत्येक खेपेला आधी ६० सेकंद पेटीत मोकळं सोडा, मग पट्ट्या लावा. बहुतेक रॅट दहा सेकंदांच्या आसपास स्थिरावतात. पाचव्या दिवशीही जो स्थिरावत नाही त्याला प्रयोगात घेऊ नका, आणि हा नियम आधी लिहून ठेवा, निकाल पाहून नव्हे. खेपा वाढवायचा मोहही नको. रोज चार-पाच वेळा लावली तर रॅटला तिची सवय होते आणि तो दुर्लक्ष करायला लागतो, मग ते लकव्यासारखं दिसतं.

लावण्याची रीत. कुठली बाजू आधी, हे दर खेपेला चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर आधी लावलेली पट्टी आधी निघते. अंगठ्याने दोन्हीकडे सारखाच दाब, सारखाच वेळ. पंजा ओला किंवा लेंडीने माखलेला असेल तर आधी पुसून कोरडा करा. रॅट गुंडाळायला आपला सोलापुरी टर्किश टॉवेल मात्र घेऊ नका. त्याच्या फाशांत नखं अडकतात, रॅट पाय ओढतो आणि पट्टी लावायच्या आधीच बिथरतो. साधा सुती पंचा बरा.

टिकलीची कल्पना वाईट नाही, आकार सापडतो. अडचण डिंकाची. एका पाकिटातली घट्ट, दुसऱ्यातली सैल, आणि मखमली टिकली जाड असल्याने दातांत लगेच सापडते. स्टेशनरीच्या दुकानातले १२ मिलीमीटर व्यासाचे गोल कागदी स्टिकर घ्या. त्यांचं क्षेत्रफळ ११३.१ चौरस मिलीमीटर येतं, रॅटसाठी रूढ माप तेच. पूर्ण प्रयोगाला पुरतील इतके एकाच खोक्यातले घ्या आणि डबाबंद ठेवा. माऊसला हे फार मोठे होतात. त्याच्या तळपंजाला ३ गुणिले ४ मिलीमीटरचा तुकडा पुरतो.

चांगल्या पंजाकडचा ओढा किती खोल आहे हे मोजायची मेंदू-संशोधक शॅलर्ट यांची युक्तीही करून पाहा. लकव्याच्या बाजूची पट्टी १४.१ चौरस मिलीमीटरने मोठी आणि चांगल्या बाजूची तेवढीच लहान करत जायचं. पहिल्या पायरीला १२७.२ आणि ९९, म्हणजे १.३ पट, तिसऱ्या पायरीला १५५.४ आणि ७०.८, म्हणजे २.२ पट. ज्या पायरीवर रॅट आधी लकव्याच्या बाजूकडे वळतो, ती त्याची पातळी. यात वेगापेक्षा निवड मोजली जाते, त्यामुळे सुस्तावलेला रॅट निकाल बिघडवत नाही.

प्रश्न: आमच्याकडे रोटारॉड आहे, बाकी काही नाही. त्यावर भागेल का?

उत्तर: एकट्यावर नाही. रोटारॉड म्हणजे फिरता दांडा, त्यावर प्राणी न पडता किती वेळ टिकतो ते मोजतात. फार्मसीच्या प्रात्यक्षिकात स्नायू सैल करणारं डायझेपाम देऊन माऊस पडतो का पाहायला जो रोटारॉड वापरतात, तो बहुधा मिनिटाला २०-२५ फेऱ्यांच्या एकाच वेगाचा असतो. लकव्यासाठी ५ मिनिटांत ४ वरून ४० फेऱ्यांपर्यंत चढत जाणारा वेग लागतो. दांड्याची जाडीही बघा. माऊसचा दांडा सुमारे ३ सेंटीमीटर असतो, त्यावर रॅट मावत नाही.

खरा दोष यंत्राचा नाही. रोटारॉड सगळं अंग एकत्र मोजतो. एक पंजा कमजोर असलेला रॅट उरलेल्या तिघांवर आठवड्याभरात छान तोल सांभाळायला शिकतो. जड रॅट हलक्यापेक्षा लवकर पडतो, त्यात लकव्याचा संबंध नसतो. काही महाभाग चालायचं सोडून दांड्याला मिठी मारतात आणि त्याच्याबरोबर गोल फिरतात. घड्याळ चालूच राहतं, आकडा सुरेख येतो. पूर्ण फेरी मिठीत गेली की 'पडला' असं लिहायचं, हे आधी ठरवून ठेवा. पहिल्या तीन दिवसांतला ढोबळ फरक पाहायला रोटारॉड ठीक आहे, बाजू कळायला निरुपयोगी.

प्रश्न: मग कमी खर्चात काय करता येईल?

उत्तर: नळकांडं. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून २० सेंटीमीटर व्यासाचा, ३० सेंटीमीटर उंचीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा नळा करून घ्या (माऊसला १० सेंटीमीटर व्यास पुरतो). सांधा एकच असावा आणि तो कॅमेऱ्याच्या बाजूला येऊ नये. मागे दोन आरसे कोनात उभे करा, म्हणजे रॅटने पाठ फिरवली तरी पंजे दिसतात. मोबाईल तिवईवर. बस.

रॅट नळ्यात सोडला की मागच्या पायांवर उभा राहून भिंत चाचपतो. प्रत्येक उभारीत भिंतीला कुठला पंजा टेकला ते मोजायचं: फक्त चांगला, फक्त लकव्याचा, की दोन्ही. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. नुसत्या डोळ्याला 'दोन्ही' वाटणाऱ्या कित्येक टेकण्यांत चांगला पंजा आधी टेकलेला असतो आणि दुसरा मागून येऊन नुसता भिंतीला घासतो. निदान २० टेकणी तरी हवीत. समजा २४ झाली: चांगला ११, लकव्याचा ४, दोन्ही ९. लकव्याच्या पंजाचा वापर = (४ + ९ चे निम्मे) भागिले २४, म्हणजे सुमारे ३५ टक्के. निरोगी रॅटचा ५० च्या आसपास असतो. काही रॅट उपजत एकाच पंजाचे असतात, म्हणून शस्त्रक्रियेआधीचा आकडा प्रत्येकाचा स्वतंत्र हवा.

अडचण एकच येते आणि हमखास येते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नळ्याचं नवल संपतं आणि रॅट तळाशी अंग चाटत बसतो. दिवे मंद करा, शक्यतो त्याच्या जागण्याच्या म्हणजे अंधाराच्या वेळेत लाल दिव्याखाली घ्या, ५ मिनिटांत उभा राहिला नाही तर पिंजऱ्यात परत ठेवून थोड्या वेळाने पुन्हा सोडा. शस्त्रक्रियेआधी एकदाच घ्या, सरावाची गरज नाही. नळा दर रॅटनंतर पुसायचा.

प्रश्न: लोंगा, बेडरसन, गार्सिया, एमएनएसएस यांपैकी लकव्याची तीव्रता मोजणारा कोणता गुणांक वापरावा?

उत्तर: पहिल्या २४ तासांत धागा नीट बसला का हे पाहायला बेडरसन (१९८६, ० ते ३) किंवा लोंगा (० ते ४) पुरे. शेपटी धरून उचलल्यावर पंजा आत मुडपतो का, चालताना एका बाजूला गोल फिरतो का, पडतो का, एवढंच त्यात असतं. औषधाचा फरक त्यात दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. गार्सिया यांच्या १९९५ च्या गुणांकात सहा गोष्टी आहेत, ३ पासून १८ पर्यंत, आणि त्यात जास्त गुण म्हणजे चांगला रॅट. एमएनएसएसमध्ये ० ते १८, पण तिथे जास्त म्हणजे वाईट. दोन्ही एकाच आलेखात टाकून गोंधळ घातलेले प्रबंध पाहण्यात आहेत. स्पर्श, हालचाल, तोल यांची एका आकड्यात खिचडी होते, ही या सगळ्यांचीच मर्यादा.

प्रश्न: कोपऱ्याच्या चाचणीत उजव्या मेंदूला इजा झालेला माऊस कोणीकडे वळायला हवा? माझे उजवीकडेच वळतात. चुकतंय का?

उत्तर: बरोबर आहे. दोन फळ्या ३० अंशांत उभ्या केल्या की आत शिरलेल्या माऊसच्या दोन्ही बाजूंच्या मिशा फळ्यांना लागतात. डाव्या बाजूचं त्याला कळत नाही, म्हणून तो उभा राहून उजवीकडे वळतो. उभा न राहता वळला तर ती खेप मोजू नका. दहा मोजा.

प्रश्न: २१ व्या दिवशी औषध न दिलेले रॅटही ठणठणीत दिसतात. मग औषधाचा उपयोग दाखवायचा कशात?

उत्तर: ते ठणठणीत 'दिसतात'. मेंदूच्या काही भागांची सूज उतरते, आसपासचा भाग काम थोडं उचलतो, हे खरं बरं होणं. पण रॅट त्याहून वेगाने दुसरं काहीतरी करतो: लकव्याच्या पंजाशिवाय भागवायला शिकतो. दाणा बोटांनी पकडण्याऐवजी पंजाने ओढून आणतो, पाऊल चुकलं की अंग झुकवून सावरतो. वेळ आणि यश मोजणाऱ्या चाचण्यांना या दोन्हींतला फरक कळत नाही.

त्यासाठी शिडी. मेट्झ आणि व्हिशॉ यांची २००२ सालची चाचणी: मीटरभर लांबीची आडवी शिडी, ३ मिलीमीटर जाडीच्या दांड्या, बाजूला पारदर्शक भिंती, जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंच, पलीकडच्या टोकाला रॅटचा स्वतःचा पिंजरा. दांड्या कमीत कमी १ सेंटीमीटर अंतराने कुठेही बसवता येतात. सारख्या अंतराच्या शिडीवर रॅट पाठांतर करतो, म्हणून दर वेळी अंतरं बदलायची. मग प्रत्येक पावलाला ० ते ६ गुण: साफ चुकून पाय खाली गेला तर ०, टेकून खोल घसरला १, थोडा घसरला २, दुसऱ्या दांडीवर बदलला ३, नेम धरताना दुरुस्त केला ४, बोटांवर किंवा मनगटावर अर्धवट टेकला ५, तळव्याच्या मध्यावर नीट ६. ५ आणि ६ मधला फरक व्हिडिओ थांबवल्याशिवाय दिसत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात लपलेला लकवा बऱ्याचदा तिथेच सापडतो. निरोगी पायालाही गुण द्या. तोही बिघडलेला दिसला तर रॅट घाईत आहे.

कोणता लकवा केलात हेही पाहा. कवटी उघडून धमनीची बाहेरची फांदी बंद केली असेल तर इजा मुख्यतः मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे सालीतल्या स्पर्शभागात राहते आणि हालचालीच्या चाचण्या आठवड्यात कोऱ्या होतात. पंजाचीच जागा हवी असेल तर रोझ बेंगॉल हा रंग टोचून त्या जागेवर प्रकाश टाकण्याची पद्धत (वॉटसन, १९८५) जास्त टिकणारा बिघाड देते.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये आमचे निकाल बिघडतात. सर म्हणतात योगायोग.

उत्तर: योगायोग म्हणून सोडण्यासारखं नाही. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी वीज जाते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रॅटचं अंग तापलं की मेंदूतली इजा वाढते. थंड झालं तर ती घटते आणि औषध न देताच रॅट बरे दिसतात. धागा दीड-दोन तास ठेवला तर अंगाचं तापमान राखणाऱ्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसलाही झळ बसते आणि रॅटला आतूनच ताप चढतो, त्यात बाहेरचं ऊन. गुदद्वारातलं तापमान शस्त्रक्रियेत आणि नंतरचे काही तास ३७ अंशांच्या अर्धा अंश इकडे-तिकडे ठेवायचं. त्यासाठी उष्णता देणारी गादी असतेच, पण मेमध्ये थंडाव्याची सोयही हवी. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही हे शस्त्रक्रिया अर्ध्यात असताना कळू नये.

वागण्याच्या चाचणीवर उन्हाचा आणखी एक परिणाम होतो. रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही. शेपटीतून उष्णता सोडून आणि अंगावर लाळ फासून तो गार होतो. उकडत असताना तो सारखा पंजे चाटतो, तोंड अवचित पट्टीला लागतं आणि तुमच्या कागदावर 'स्पर्श ३ सेकंद' पडतो. वाळ्याचा कूलर लावला तर हवा दमट होऊन पट्टी धरत नाही. बॅच ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बसवा, चाचणी रोज एकाच वेळेला घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत प्रयोगशाळा होम मैदानाच्या टापूत असेल तर शोभेच्या दारूकामाच्या आसपासचे दोन दिवस मोकळे ठेवा. रॅटला आपल्या २० किलोहर्ट्झच्या कितीतरी वरचे, जवळजवळ ८० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तेव्हा खोलीतला गुणगुणणारा चार्जरसुद्धा काढून टाका.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर रॅट खात नाहीत, वजन उतरतं. हा लकवाच ना?

उत्तर: सगळा नाही. धागा घालताना बाहेरची कॅरोटिड धमनी बांधतात, तिच्यावर चावायचे आणि गिळायचे स्नायू चालतात. म्हणून नुसती मान उघडून त्याच धमन्या बांधलेले, पण धागा न घातलेले रॅट तुलनेला हवेतच. गोळ्या पाण्यात भिजवून मऊ करून पिंजऱ्याच्या तळाशी, चांगल्या बाजूला ठेवा. वेदनाशामक आणि रोजचं वजन हे संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे दिलेल्या अर्जात लिहिलेलं असतंच, ते पाळा. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या प्राणिप्रयोगांच्या नियमांखाली ती मंजुरी आधी लागते, आणि प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावे लागतात.

प्रश्न: शस्त्रक्रिया मीच करते, औषध मीच देते, चाचणीही मीच घेते. गुण डोळे बांधून कसे देऊ?

उत्तर: पूर्णपणे शक्य नाही, पण बरंच होतं. आणि ते का करायचं, ते पाहा. एनएक्सवाय-०५९ हे पक्षाघातावरचं औषध प्राण्यांत आशादायक ठरलं, माणसांवरच्या २००६ च्या पहिल्या चाचणीतही थोडं यश दिसलं, आणि २००७ च्या मोठ्या चाचणीत ते साफ पडलं. त्यानंतर प्राण्यांवरचे जुने प्रयोग पुन्हा तपासले तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडणं आणि गट न कळू देता गुण देणं, या दोन गोष्टी कित्येक ठिकाणी गैरहजर निघाल्या. तेव्हा औषधाच्या आणि नुसत्या द्रावणाच्या बाटल्यांवर मैत्रिणीकडून 'क' आणि 'ख' लिहून घ्या. यादी तिच्याकडे, पाकिटात बंद. दोन्ही द्रावणांचा रंग सारखा हवा. हळदीच्या अर्कासारखं काही देत असाल तर पिवळा रंग सगळं फोडतो, म्हणून पिचकारीला कागद गुंडाळा. व्हिडिओंची नावंही तीच बदलून देईल, दिवसांचा क्रम मोडून. मानेवरचा टाका व्हिडिओत दिसतो, पण तुलनेच्या रॅटलाही तो असतो. दहापैकी एक व्हिडिओ तुम्हाला न सांगता दोनदा द्यायला सांगा. दोन्ही वेळी तुमचे गुण जुळले नाहीत तर आधी मोजणी दुरुस्त करायची, पाकीट नंतर.